ससा आणि गिनिपिग यांना हिरवा पाला : किती, कोणता आणि कसा द्यावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दीड वर्षाचा, सुमारे दोन किलो वजनाचा एक ससा आणि दोन गिनिपिग आहेत. पालक रोज द्यावा असे एक जण सांगतो, तर पालक म्हणजे मूतखड्याला आमंत्रण असे दुसरा बजावतो. कोबी आणि लेट्यूस यांच्याबाबतही अशीच परस्परविरोधी मते कानावर येतात. त्यातच नवा पाला सुरू केल्यावर सशाच्या शेपटीखालच्या केसांना मऊ, चिकट विष्ठा लागलेली दिसली. तेव्हा पाला कायमचा बंद करावा का, आणि करायचा नसेल तर तो किती, कोणता व कसा धुऊन द्यावा, असे विचारले आहे.

पाला बंद करू नये. विष्ठा लागल्याची जी तक्रार आहे, ती बहुधा आहारातला बदल फार वेगाने झाल्यामुळे उद्भवली असावी आणि ती कशी दुरुस्त करायची ते पुढे सांगतो. पशुवैद्यक म्हणून पाल्यामुळे झालेल्या ज्या तक्रारी माझ्यापुढे येतात, त्यांत खऱ्या अर्थाने विषारी पान खाल्ल्याची प्रकरणे थोडी असतात. बहुतेक वेळा पान चांगलेच असते, पण ते एकदम फार दिलेले असते, रोज तेच ते दिलेले असते, नाहीतर ते शिळे झालेले असते. म्हणून ‘चालणारी पाने’ आणि ‘न चालणारी पाने’ अशा याद्या पाठ करण्यापूर्वी या प्राण्यांच्या पोटाचा कारभार समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

ससा आणि गिनिपिग या दोघांचेही पचन आतड्याच्या शेवटच्या भागावर, मुख्यतः अंधनालावर, म्हणजे लहान व मोठे आतडे जिथे जुळते तिथल्या पिशवीवर, अवलंबून असते. सशाचा अंधनाल हा त्याच्या पोटातला सर्वांत मोठा अवयव असून जठराच्या कित्येक पट मोठा असतो. त्यात राहणारे सूक्ष्मजीव वनस्पतींतील तंतूंचे किण्वन करतात आणि त्यातून निघणाऱ्या मेदाम्लांवर प्राण्याला ऊर्जा मिळते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक विलक्षण विभागणी होते. लांब, भरड तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात, तर बारीक कण आणि द्रव उलट दिशेने अंधनालाकडे परत पाठवले जातात. तिथे मुरलेला ऐवज पुढे मऊ लेंड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि ससा तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. या मऊ लेंड्यांना सेकोट्रोप म्हणतात. त्यांत प्रथिने, ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व असते, त्यामुळे त्या खाण्याला घाणेरडी सवय समजून अडवणे म्हणजे प्राण्याचे पोषण तोडणे होय.

ही सगळी यंत्रणा चालू राहते ती भरड तंतूंमुळे. भरड तंतू कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते आणि सूक्ष्मजीवांचे संतुलन बिघडते. सशाला उलटी करता येत नसल्यामुळे एकदा आत गेलेली वस्तू पुढेच जावी लागते. शिवाय ससा आणि गिनिपिग या दोघांचे सगळे दात, दाढांसह, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात मुख्यतः सुके गवत आडवे चघळण्याने. मऊ पाला दोन-चार चावांत गिळला जातो, म्हणून तो दात झिजवण्याच्या कामी फारसा येत नाही.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ताज्या पाल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम पाल्यातून जेमतेम १० ग्रॅम कोरडे अन्न मिळते. दोन किलोच्या सशाला दिवसाकाठी साधारण ८० ते १०० ग्रॅम कोरडे अन्न लागते. ते केवळ पाल्यातून भागवायचे ठरवले तर रोज किलोभर पाला द्यावा लागेल, आणि तेवढे पाणी व तेवढी मऊ पाने कोणत्याही पाळीव सशाच्या पोटाला एकदम झेपणार नाहीत. म्हणून आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग तिमोथी किंवा तत्सम सुक्या गवताचा असावा. ते गवत चोवीस तास समोर असावे आणि त्यावर पाला ही रोजची जोड असावी. पेलेट, म्हणजे दाबून केलेले तयार दाणेदार खाद्य, त्याहूनही कमी द्यावेत. प्रौढ सशाला दर किलो वजनामागे दिवसाला २० ते २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजावी. लसूणघास मात्र वाढीच्या वयातल्या पिल्लांना आणि गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या माद्यांनाच द्यावा, कारण त्यात प्रथिने जास्त असतात आणि कॅल्शियम तिमोथीच्या सुमारे तिप्पट असते.

प्रमाणाचा ठोकताळा असा की प्रौढ, निरोगी सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण एक कप, दाबून भरलेला, चिरलेला पाला द्यावा. तुमच्या सशासाठी तो दोन कप होईल. तो सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. एका प्रौढ गिनिपिगला दिवसाला सुमारे एक कप पुरतो. हे आकडे पूर्ण सवय झालेल्या प्राण्यासाठी आहेत. ज्याने आजवर पाला पाहिलाच नाही, त्याला पहिल्याच दिवशी दोन कप समोर ठेवणे म्हणजे आजार ओढवून घेणे आहे. पाला दिल्यावर प्राण्याने सुके गवत खाणे कमी केले, तर कप मोजत न बसता पाल्याचे प्रमाण त्याच दिवशी उतरवावे.

आता पालकाचा वाद. पालकात ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडे करू शकणारे द्रव्य, भरपूर असते. ताज्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये ते अर्ध्या ग्रॅमहून अधिक, अनेकदा एक ग्रॅमच्या जवळपास भरते. हे ऑक्झॅलेट पोटात कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे पालकात कॅल्शियम दिसत असले तरी त्यातले फारच थोडे शरीराला मिळते. आतड्यातील काही सूक्ष्मजीव ऑक्झॅलेटचे विघटन करतात, म्हणून निरोगी सशाने आठवड्यातून एक-दोनदा मूठभर पालक खाल्ल्याने काहीही बिघडत नाही. बिघडते ते रोज, महिनोन्महिने, मुख्य पाला म्हणून पालकच दिल्याने. चार्ड (बीटच्या जातीची पालेभाजी), बीटची पाने, माठ, राजगिरा, घोळ आणि काही प्रमाणात पार्सली ही याच गटातली पाने आहेत. मी सांगतो तो नियम सोपा आहे. या गटातले एका दिवशी एकच पान द्यावे, ते त्या दिवसाच्या पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसावे आणि दुसऱ्या दिवशी गट बदलावा. ‘पालक एक दिवसाआड देतो’ असे म्हणून मधल्या दिवशी चार्ड देणारे मालक मला नेहमी भेटतात. त्यांनी भाजीचे नाव बदललेले असते, ऑक्झॅलेट तेच राहिलेले असते.

कॅल्शियमबद्दल भीती अधिक आहे आणि ती अर्धीच खरी आहे. इतर बहुतेक सस्तन प्राणी गरजेपुरते कॅल्शियम आतड्यातून शोषतात. ससा मात्र आहारात जेवढे असेल त्या प्रमाणात ते शोषून घेतो आणि जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकतो. सशाची लघवी गढूळ दिसते आणि वाळल्यावर जमिनीवर पांढरट भुकटी उरते, ती याच कारणाने, आणि ते बऱ्याच अंशी स्वाभाविक आहे. चिंता करावी ती लघवी दाट लापशीप्रमाणे येऊ लागली, वाळलेला थर बोटाखाली वाळूसारखा खरखरीत लागला, किंवा ससा लघवी करताना कण्हू लागला तर. गिनिपिगमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे खडे होणे हा तर नेहमीचा आजार आहे, त्यामुळे तिथे जास्त जपावे. पानांचे आकडे सांगायचे तर १०० ग्रॅम ताज्या रोमेन लेट्यूसमध्ये सुमारे ३३ मिलिग्रॅम, कोथिंबिरीत सुमारे ६७, पार्सलीत सुमारे १३८, डँडेलियनच्या पानांत सुमारे १८७ आणि शेपूत सुमारे २०८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मेथी, मुळ्याचा पाला, केल हीही वरच्या बाजूची आहेत. याचा अर्थ ती टाळावीत असा नाही. ज्याला पूर्वी खड्याचा किंवा मूत्राशयात गाळ साचण्याचा त्रास झालेला नाही, अशा प्राण्याला ती आलटून-पालटून द्यावीत. ज्याला झाला आहे, त्याला लेट्यूस आणि कोथिंबीर यांसारख्या कमी कॅल्शियमच्या पाल्यावर ठेवावे, पेलेट आणखी कमी करावेत आणि पाणी जास्त पोटात जाईल असे पाहावे. पाला ओलाच दिला तर या कामी मदतच होते. पाल्याच्या कॅल्शियमचा कीस काढणारे अनेक जण लसूणघासाचे पेलेट मात्र वाटीभर देत असतात, हे इथे नोंदवून ठेवतो.

लघवीचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक गोष्ट. काही पाने खाल्ल्यावर सशाची लघवी केशरी, तांबडी, कधी गडद विटकरी होते. वनस्पतीतील रंगद्रव्यांमुळे असे होते आणि एक-दोन दिवसांत रंग आपोआप निवळतो. रंग सगळीकडे सारखा पसरलेला असेल आणि ससा खात-खेळत असेल तर घाबरू नये. पण रंग मधूनच, ठिपक्यांच्या किंवा गाठींच्या रूपात दिसला, तर ते रक्त असू शकते आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. गिनिपिगच्या बाबतीत तांबडी लघवी पाल्याच्या माथी मारून थांबू नये, तिथे तपासणी लगेच करावी.

कोबीच्या बाबतीत इतिहासातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी आपल्या प्रयोगशाळेतील सशांना मोठ्या प्रमाणावर गलगंड झाल्याचे प्रसिद्ध केले. हे ससे वेगळ्याच प्रयोगासाठी पाळलेले होते आणि त्यांचा आहार मुख्यतः कोबीचा होता. कोबीच्या कुळातील वनस्पतींमध्ये थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात, हा शोध त्या निरीक्षणातून पुढे आला. त्यातला धडा नेमका कोणता, हे मात्र नीट पाहावे. ते ससे दीर्घकाळ जवळजवळ कोबीवरच जगत होते. आठवड्यातून दोन-तीनदा कोबीचे एखादे बाहेरचे पान, फ्लॉवरचा पाला किंवा केलची दोन पाने खाणाऱ्या सशाला तो धोका नाही. कोबीने पोट फुगते ही तक्रार काही प्राण्यांच्या बाबतीत खरी असते, आणि गिनिपिग या बाबतीत सशापेक्षा नाजूक आहेत. म्हणून या कुळातले पान अंगठ्याएवढ्या तुकड्याने सुरू करावे आणि ज्याला सोसत नाही त्याला पुन्हा देऊ नये. गड्ड्याचा पांढरा, घट्ट गाभा आणि ब्रोकोलीचे तुरे यांपेक्षा बाहेरची हिरवी पाने केव्हाही बरी.

लेट्यूस झोप आणते, विषारी असते, हा समज आइसबर्ग आणि जंगली लेट्यूस यांच्या गोंधळातून आला आहे. जंगली आणि फुलावर आलेल्या लेट्यूसच्या दांड्यातून जो पांढरा चीक निघतो, त्यात गुंगी आणणारी द्रव्ये असतात. कोवळ्या, पानेदार लेट्यूसमध्ये ती नगण्य असतात. आइसबर्ग विषारी नाही, पण त्यात जवळपास ९५ टक्के पाणीच असल्यामुळे तो देऊन पोषण काही पदरात पडत नाही. रोमेन किंवा गडद हिरव्या, सैल पानांचा लेट्यूस हा रोजच्या पाल्याचा उत्तम पाया आहे. त्यात कोथिंबीर, तुळस, पुदिना, गाजराचा पाला, शेपू, सेलरीची पाने यांची फिरती भर घालावी. सेलरीचे दांडे द्यायचे असतील तर बोटाच्या पेराएवढे आडवे तुकडे करावेत, म्हणजे त्यातल्या लांब शिरा घशात अडकत नाहीत. गाजर, रताळे, फळे ही पाल्याच्या हिशेबात धरू नयेत. त्यांतल्या साखरेने व पिष्टाने अंधनालातील सूक्ष्मजीवांचे गणित पाल्यापेक्षा कितीतरी लवकर बिघडते.

गिनिपिगच्या बाबतीत पाल्याला औषधाइतके महत्त्व आहे, कारण माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. निरोगी प्रौढ गिनिपिगला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गाभण मादीला वरच्या मर्यादेइतके किंवा त्याहून थोडे अधिक लागते. ते कमी पडले की प्राणी चालायला टाळू लागतो, सांधे सुजतात, हात लावला की ओरडतो, केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येते. लाल ढोबळ्या मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमहून अधिक आणि हिरव्या ढोबळ्या मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे २० ग्रॅमची लाल ढोबळ्या मिरचीची फोड एका गिनिपिगची दिवसाची गरज जवळपास भागवते. पार्सली आणि केल याही बाबतीत समृद्ध आहेत. कोथिंबीर आणि पालक यांत ते १०० ग्रॅमला तीसच्या आत-बाहेर असल्यामुळे केवळ त्यांवर विसंबू नये. क जीवनसत्त्वाचे थेंब पिण्याच्या पाण्यात टाकण्याची पद्धत मला मान्य नाही. पाण्यात ते लवकर नष्ट होते, किती पोटात गेले ते कळत नाही आणि चव बदलल्यामुळे काही गिनिपिग पाणी पिणेच कमी करतात. चिरून ठेवलेल्या भाजीतलेही क जीवनसत्त्व घटत जाते, म्हणून ऐन वेळी चिरावे. सशाला हे जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, आणि म्हणूनच सशाचे पेलेट गिनिपिगला देऊन भागत नाही.

नवे पान सुरू करण्याची रीत सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, पण बहुतेक त्रास तिथेच टळतो. एका वेळी एकच नवे पान घ्यावे. पहिल्या दिवशी सशाला दोन बोटांएवढा तुकडा आणि गिनिपिगला त्याच्या निम्मा द्यावा. पुढचे दोन दिवस लेंड्यांचा आकार, संख्या आणि भूक पाहावी. सगळे ठीक असेल तर प्रमाण हळूहळू वाढवावे आणि आठवड्याभरानंतरच दुसरे नवे पान आणावे. एकाच दिवशी तीन नवी पाने दिली आणि पोट बिघडले, तर दोषी कोण ते कधीच कळत नाही. पिल्लांच्या बाबतीत, ज्यांची आई पाला खात होती ती पिल्ले तिच्याबरोबर तो लवकर आणि सहज खाऊ लागतात. ज्यांचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, अशा सशाच्या पिल्लांना १२ आठवड्यांपूर्वी पाला सुरू न करणे इष्ट. गिनिपिगची गोष्ट थोडी उलट आहे. काय खायचे याच्या आवडी ते लहानपणीच पक्क्या करतात आणि मोठेपणी अनोळखी पान पाहून तोंड फिरवतात, म्हणून त्यांना कोवळ्या वयातच निरनिराळ्या पानांची थोडी-थोडी ओळख करून द्यावी. एकाच चवीवर वाढलेला गिनिपिग आजारी पडला की त्याला काही भरवणे फार कठीण जाते.

आता तुमच्या सशाच्या तक्रारीकडे येतो. सशाच्या पिंजऱ्यात तीन प्रकारची विष्ठा दिसू शकते आणि ती ओळखता आलीच पाहिजे. पहिली नेहमीची, वाटाण्याएवढी, कोरडी लेंडी. ती तळहातावर घेऊन दोन बोटांत चुरडली की भुसभुशीत होते आणि आत गवताचे पिवळसर, तुटक तंतू स्पष्ट दिसतात, वासही गवताचाच येतो. दुसरी सेकोट्रोपची. तिचा लहान-लहान मण्यांचा, तुतीच्या फळासारखा चकचकीत, गडद घोस असतो, त्यावर बुळबुळीत आवरण असते आणि वास उग्र येतो. ती एरवी आपल्या दृष्टीस पडत नाही, कारण ससा ती लगेच खातो. तिसरी म्हणजे खरा अतिसार, पाण्यासारखा, ज्यात लेंडीचा आकारच उरत नाही. केसांना चिकटलेले जर मऊ व उग्र वासाचे असेल आणि त्याच दिवशी पिंजऱ्यात नेहमीच्या कोरड्या लेंड्याही असतील, तर ते न खाल्लेले सेकोट्रोप आहेत, अतिसार नव्हे. आहार गरजेपेक्षा पौष्टिक झाला की सेकोट्रोप जास्त आणि सैल बनतात व ससा ते सोडून देतो.

अशा वेळी पुढचे चार-पाच दिवस नवे पान पूर्ण थांबवावे, जुना, सवयीचा पाला निम्म्यावर आणावा, पेलेट निम्मे करावेत, गोड काही देऊ नये आणि सुके गवत चांगल्या प्रतीचे, सुगंधी, दिवसातून दोनदा ताजे घालावे. पाल्याकडे बोट दाखवण्यापूर्वी पेलेटच्या वाटीकडे पाहावे, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा मूळ दोष तिथे निघतो आणि नवा पाला केवळ निमित्त ठरतो. लेंड्या सुधारल्या की जुना पाला पूर्ववत करावा आणि मग नवे पान पुन्हा दोन बोटांएवढ्या तुकड्याने सुरू करावे. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर ते पान त्या सशासाठी वर्ज्य समजावे. आहार सुधारूनही तक्रार चालू राहिली, तर ससा लठ्ठ झाला आहे का, पाठीचे दुखणे आहे का, दाढा टोचतात का हे तपासावे, कारण वाकता न येणाऱ्या सशालाही सेकोट्रोप खाता येत नाहीत. मागची बाजू कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. सशाला पाण्यात बसवून अंघोळ घालू नये. हा भाग रोज दोनदा पाहावा, कारण उष्ण हवेत माशा तिथे अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडीत शिरतात.

पाला धुण्याबाबत फार मोठे विधी करण्याची गरज नाही. जुडी प्रथम सोडावी. वरून टवटवीत दिसणाऱ्या जुडीत, जिथे दोरा बांधलेला असतो तिथली आतली पाने अनेकदा पिवळी पडून बुळबुळीत झालेली असतात, आणि पोट बिघडवायला तेवढी चार पाने पुरतात. ती काढून टाकावीत, मुळांकडचा माती लागलेला भाग कापावा, पाला मोठ्या भांड्यात बुडवून हलवावा आणि पाणी गढूळ न होईपर्यंत बदलावे. शेवटी वाहत्या पाण्याखाली धरावा. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रावण वापरू नये. पानांवर बसलेली माती, जंतू आणि फवाऱ्याचा बराच अंश अशा धुण्याने जातो, पण वनस्पतीच्या रसात शिरलेली कीटकनाशके कोणत्याही धुण्याने निघत नाहीत. पाल्याचे प्रकार बदलत राहण्याचे हेही एक कारण आहे. ओला पाला दिल्याने जुलाब होतात हा समज चुकीचा आहे. ओला पाला ढीग करून ठेवला की तो आतून तापतो आणि सडू लागतो, आणि त्रास त्यामुळे होतो. गवत कापण्याच्या यंत्रातून निघालेला चुरा याच कारणाने कधीही देऊ नये. तो काही तासांत आंबतो. धुतलेला पाला कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा. थोडा मलूल झालेला पाला चालतो, पण बुळबुळीत, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा चालत नाही. पिंजऱ्यात उरलेला पाला तीन-चार तासांनी काढून टाकावा.

बाहेरून तोडून आणलेल्या वनस्पती देण्यास माझा विरोध नाही, पण ओळख शंभर टक्के पक्की असलेलीच वनस्पती आणावी. रस्त्याकडेची, तणनाशक फवारलेली, कुत्री फिरतात त्या जागेची आणू नये. जिथे रानटी ससे वावरतात तिथला पाला सशाला देऊच नये, कारण सशांमधला रक्तस्रावी विषाणुरोग, जो प्रथम १९८४ मध्ये चीनमध्ये आणि ज्याचा नवा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये आढळला, तो दूषित गवत-पाल्यावाटेही घरात येऊ शकतो.

पूर्णपणे टाळायच्या गोष्टी अशा आहेत. कांदा, लसूण, त्यांची पात आणि त्या कुळातले सगळे काही, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. ॲव्होकॅडोचे फळ आणि पाने. बटाट्याचा व टोमॅटोचा पाला आणि बटाट्याचे मोड. रुबार्बची पाने. बागेतील कण्हेर, धोतरा, घाणेरी, एरंड, डिफेनबाखिया आणि फॉक्सग्लव्ह. ‘आमच्या सशाने धोतऱ्याची पाने खाल्ली आणि त्याला काहीच झाले नाही’ असे सांगणारा कोणी भेटला तर तो खोटे बोलत असेल असे नाही. काही सशांच्या शरीरात धोतऱ्यातले ॲट्रोपिन हे विष मोडणारे एक विकर असते आणि ते अनुवंशाने येते, त्यामुळे असा ससा जे पचवतो त्याने शेजारच्या पिंजऱ्यातला ससा दगावू शकतो. एका प्राण्याच्या अनुभवावरून पान सुरक्षित ठरवू नये ते यासाठी.

घरात पुढे-मागे आणखी कोणी लहान प्राणी आला तर हेच प्रमाण त्याला लावू नये. चिंचिला हा अँडीज पर्वतरांगांतील कोरड्या प्रदेशातला प्राणी असून त्याला सुके गवत हेच अन्न आहे, पाला दिवसाला एखाद-दुसरे पान एवढाच द्यावा. डेगू या उंदरासारख्या छोट्या प्राण्याला मधुमेह चटकन होतो, म्हणून त्याला पाला थोडा चालतो पण गोड काहीही चालत नाही. हॅमस्टर मुळात शाकाहारी नव्हे तर मिश्राहारी आहे आणि त्याला नखाएवढा तुकडा पुरतो.

शेवटी, वाट न पाहता पशुवैद्याकडे केव्हा जायचे ते. सशाने किंवा गिनिपिगने १२ तासांत काही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, तो अंग आखडून कोपऱ्यात बसला, दात करकरा वाजवू लागला, पोट ताठ, फुगलेले लागले, पाण्यासारखा जुलाब झाला, किंवा विषारी पान खाताना दिसला, तर रात्र जाऊ देऊ नये. पोट फुगलेले असताना तोंडात जबरदस्तीने काही भरवू नये, प्राण्याला ऊबेत ठेवावे आणि निघावे. घरात उरलेली माणसांची प्रतिजैविके देण्याचा विचारही करू नये. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास अंधनालातील उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि घातक जीवाणू माजून प्राणी दगावू शकतो. सोबत खाल्लेल्या पाल्याची एक काडी, पानासकट, आणि त्या दिवसाच्या लेंड्या छोट्या डबीत घालून न्याव्यात, आणि शेवटचे खाणे व शेवटची लेंडी किती वाजता झाली ते कागदावर लिहून न्यावे.